राणी कोणाच्या वाट्याला

तूर फुलली की माझं डोकं फिरतं. चार वर्षं झाली, दर हंगामात हेच. कारंजाहून एसटीनं परत येताना कामरगावच्या अलीकडे दोन्ही अंगांना वावरं पिवळी दिसायला लागतात, गाडीतल्या बायका खिडकीतून बघून खूश होतात, आणि मला आतून चीड येते. शेजारी बसलेलीला ती चीड काय म्हणून सांगणार? तुरीनं माझं काहीच वाकडं केलेलं नाही. वाकडं केलं ते माझ्या सख्ख्या बहिणीनं, आणि ते ऐन फुलोऱ्यात केलं, एवढाच तुरीचा गुन्हा.

या दिवसांत सकाळ उशिरा सुरू होते. दहिवर इतकं पडतं की न्हाणीवरच्या पत्र्यातून आठपर्यंत थेंब गळत राहतात. माशाही तोवर बाहेर पडत नाहीत. ऊन पेटीच्या दारावर आलं की पहिली एक येते, दारात थांबते, पाय चोळते आणि जाते. मग दुसरी. दहाच्या सुमारास परतणाऱ्यांची गर्दी होते, प्रत्येकीच्या मागच्या पायांवर तुरीच्या परागाचे पिवळे गोळे. शाळेला सुट्टी असली की मी चहाचा कप घेऊन हे बघत बसते. वास येतो तो मेणाचा, ओल्या मातीचा आणि कुंपणाच्या जुन्या तुराट्यांचा. कुंपणाच्या पलीकडून बाईच्या भाकरी थापण्याचा आवाज येतो. मी ऐकत नाही. तरी किती झाल्या ते मला कळतं.

बाई म्हणजे माझी थोरली बहीण. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाईच म्हणतात. ती माझी जाऊही आहे, कारण आम्ही दोघी एकाच घरात दोन भावांना दिलेल्या. मी सहा महिन्यांची असताना आमची आई गेली. बाई तेव्हा दहा वर्षांची, चौथीत. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत गेली नाही. शेळीचं दूध आणि ज्वारीची पेज बोटानं चाटवून तिनं मला जगवलं. तिचं लग्न झालं तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि बाबांना एकट्यानं पोर सांभाळणं जमेना, म्हणून मीही तिच्या मागे तिच्या सासरी आले. इथले लोक थट्टेनं म्हणायचे की हिनं आंदणात भांडी आणली नाहीत, बहीण आणली. इथेच शिकले, बाईच्या धाकट्या दिराशी लग्न झालं, शाळेत लागले. आता पोरं मला मॅडम म्हणतात आणि बाई अजून बेबी म्हणते.

हे सगळं खरं आहे. तिचे उपकार आहेत. पण उपकार करणाऱ्यानं ते दर महिन्याला पुन्हा करायचे नसतात. माझ्या लग्नात मंडपात तिनं बायकांना सांगितलं, 'म्या पोसली.' मला नोकरी लागली त्या दिवशी पेढा तोंडात घालत म्हणाली, 'म्या पोसली.' माझ्या मुलीच्या बारशाला पाळण्याची दोरी माझ्या हातात होती, आणि गाणं संपायच्या आत तिनं पाहुणीला पेजेची गोष्ट सुरू केली. ऐकणाऱ्यांचे डोळे ओले व्हायचे. मी तिथेच उभी असायची, पन्नास वर्षांची झाले तरी बोट चाटणारी.

माशांचं वेड मात्र माझं होतं. त्यात तिचं बोट नव्हतं. कारंजाला शेतकऱ्यांसाठी पाच दिवसांचं प्रशिक्षण झालं, त्यात मी शाळेच्या सुट्टीत नाव घातलं. परत आले ती डोक्यात पेटीच घेऊन. विहिरीजवळच्या कडुनिंबाच्या ढोलीत सातेरी माशांचं मोहोळ होतं. ते मी पोळं पोळं कापून लाकडी चौकटींना केळीच्या दोऱ्यानं बांधलं आणि परसातल्या न्हाणीमागे पेटीत वसवलं. धुराचा डबा धरायला कोणी तयार होईना तेव्हा बाई आली. डोक्यावरून पदर, तोंडाला फडकं, मान दुसरीकडे वळवलेली. डब्यात शेणी आणि वाळका निंबाचा पाला. पहिल्या दिवशी तिला चार माशा चावल्या आणि तिनं मला चाळीस शिव्या दिल्या, पण डबा सोडला नाही.

दर वर्षी तूर फुलायला लागली की मी पेटी फोडायचे. एका पेटीच्या दोन करायच्या. जुनी राणी एका अर्ध्यात राहते. दुसऱ्या अर्ध्याला राणी नसते, त्याला मी पोरकी पेटी म्हणते. पोरक्या पेटीत ताज्या अंड्यांची एक चौकट मात्र द्यावी लागते, तेवढं विसरून चालत नाही. राणी नाही हे माशांना दुपारपर्यंत कळतं. तासभर त्या सैरावैरा धावतात, मग कामाला लागतात. अंड्यातून निघालेल्या कोवळ्या अळ्यांपैकी चार-दोन निवडतात, त्यांच्याभोवती भुईमुगाच्या शेंगेएवढी घरं खाली लोंबती बांधतात आणि त्यांना दुधासारखं पांढरं खाद्य भरमसाट चारतात. बारा-तेरा दिवसांत त्यातून राणी निघते. आठवडाभरानं ती दुपारच्या उन्हात बाहेर उडते, नरांना भेटून परत येते आणि आणखी चार-पाच दिवसांनी अंडी घालू लागते. पहिल्या वर्षी हे घडताना पाहिलं तेव्हा मला रात्री जेवण गेलं नव्हतं.

त्या वर्षी डबा धरून बाईनं पहिल्यांदा मान वळवून चौकटीकडे पाहिलं.

"ह्या येकीलेच काहून येवढं चारून राह्यल्या व?"

"तिले राणी कराची हाये म्हून," मी म्हटलं.

"मंग तिचं अंडंच निराळं असन."

"नाई. अंडं सारखंच. साधीच अळी असते. जास्त पोसली का राणी होते."

"अस्सं." बाईनं डब्याचा भाता दोनदा दाबला. धूर माझ्याच तोंडावर आला. "म्हंजे सारं पोसन्यावर हाये."

हातात चौकट होती, तिच्यावर हजारभर माशा होत्या, नाही तर मी ती आपटली असती. निसर्गाचं एवढं गुपित मी पाच दिवस वहीत उतरवून आणलं, आणि ते थेट तिच्या पेजेच्या वाटीत पडलं. पुढे पंधरा दिवसांनी दुसरा तमाशा. पहिली राणी निघाली की ती आधी काय करते, तर बाकीच्या न निघालेल्या राण्यांची घरं शोधते, कडेनं कुरतडते आणि आतल्या बहिणींना जागच्या जागी डंख मारते. मी ते बाईला दाखवलं. शेंगेसारख्या घराच्या कुशीला भोक, आत मेलेली पांढरी राणी.

"मोठी मारते लहानीले?"

"जी आंधी निंगते ती."

"म्हंजे मोठीच."

"हो."

बाईनं वाकून भोकात डोकावलं. मग म्हणाली, "मंग म्या तुले काहून सोडलं व बेबे?" आणि फडक्याआडून इतकी हसली की तिला ठसका लागला. मीही हसले. तेव्हा हसता येत होतं.

मग घराची वाटणी झाली. कारण सांगण्याजोगं नव्हतं. मुलं मोठी झाली, चुली दोन झाल्या, भाऊ भावाशी मोजकं बोलू लागले. वाटणी करायला मालेगावहून यांचे मामा आले. आमच्याकडची रीत अशी की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं. जो पाडतो त्याला शेवटी उरेल ते घ्यावं लागतं, म्हणून तो वाटे सारखे पाडतो. भाऊजींनी पाडले, यांनी उचलले. वावर, विहीर, खोल्या, सगळं दोन दिवसांत उरकलं. मागच्या आवारात तुराट्यांचं कुंपण घालायचं ठरलं. मामा चहा पिऊन उठणार एवढ्यात बाई म्हणाली, "पेटी राह्यली ना मामा. तिची वाटणी कोन करन?"

मला वाटलं चेष्टा आहे. म्हटलं, "पेटी माही हाये. झाडातून म्या काढली, म्या वाढवली."

"आन् तुले कोनं वाढवली?" तिचा आवाज ओसरीभर झाला. शेजारपाजारच्या बायका, दोन चुलत सासरे, मामा, सगळे बसलेले. "बोटानं पेज चाटवून म्या पोसली, म्हून जिती हायेस. नाई तं माय गेली त्याच हप्त्यात तूबी गेली असती. मले माशीवर हक्क सांगून राह्यली!"

लोक हसले. वाईट मनानं नाही, तणाव सुटला म्हणून हसले. पण मी ते हसू आजही जसंच्या तसं ऐकू शकते, कोण आधी हसलं आणि कोण तोंडावर पदर धरून हसलं यासकट. त्या वर्षी ऐन भरात एकच पेटी होती, बाकी दोन मी शाळेतल्या एकीला दिल्या होत्या. मामांनी निवाडा केला.

"बाईले माशीतलं काई समजत नाई. बेबी, तू वाटे पाड. बाई आंधी उचलन. दोन दिवस घे."

दोन दिवस. सूड म्हटलं की लोकांना कोयता आठवतो, विहीर आठवते. माझ्या सुडाला दोन दिवस, दुसरी रिकामी पेटी आणि आठ चौकटी पुरल्या. मी नीट विचार करून वाटे पाडले. पहिल्या वाट्यात मधानं जड झालेल्या दोन चौकटी, एक मेणानं पूर्ण झाकलेल्या पिल्लांची आणि एक नरांच्या घरांची. नर मोठे असतात, काळे, बोजड, आवाज करणारे. नव्या माणसाचं लक्ष पहिल्यांदा त्यांच्याकडेच जातं. अंडं मात्र त्या वाट्यात एकही ठेवलं नाही. कोवळी अळीही नाही. म्हणजे राणी नाही आणि राणी करायला लागणारी वस्तूही नाही. दुसऱ्या वाट्यात हलक्या, कळकट दिसणाऱ्या चार चौकटी ठेवल्या. त्यातल्या एकीच्या मागच्या अंगाला माझी जुनी राणी शांत चालत होती, आणि तिच्या मागे घराघरात अंडी होती, ज्वारीच्या कण्यांहून बारीक.

तिसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर झाकणं उघडली. बाई पुढे आली, फडकं न बांधता. दोन्हीत वाकून पाहिलं. पहिल्या पेटीत भरगच्च माशा, मधाचा वास. तिनं एका जाड्या काळ्या नराकडे बोट केलं.

"हे पाय राणी. हा वाटा माहा."

मी खाली मान घालून झाकण लावलं. कोणीतरी हळूच म्हणालं, "बेबीच्या वाट्याले काईच नाई आलं व." माझे कान गरम झाले होते. त्यांना वाटलं मी रडते आहे. मी हसू दाबत होते.

पेटीची जुनी जागा बाईच्या हिश्शात गेली होती, त्यामुळे बाहेर गेलेल्या सगळ्या माशा सवयीनं तिकडेच परतल्या. तिची पेटी आणखी भरली, माझी मूठभर राहिली. पंधरा दिवस तिच्याकडे नुसती धूम. ती येणाऱ्या-जाणाऱ्याला कुंपणाजवळ आणून दाखवायची. मी इकडे भांडी घासत ऐकायची आणि मनात दिवस मोजायची. झाकलेली पिल्लं निघाली. आता नवी येणार नाहीत. आता ज्या आहेत त्या म्हाताऱ्या होणार. पोरक्या पेटीचा एक आवाज असतो. झाकण उघडलं की साधी गुणगुण येत नाही, लांबलचक कण्हल्यासारखं येतं. तो आवाज कुंपण ओलांडून यायला लागला त्या सकाळी मी चहात साखर जास्त घातली.

पौषात एक दिवस बाई तुराट्यांच्या फटीतून म्हणाली, "बेबे, माह्या माशा लय आवाज करून राह्यल्या."

"थंडी हाये. असन."

"असन," ती म्हणाली आणि गेली.

खरं सांगते, मला तिच्या माशा मारायच्या नव्हत्या. मला तिनं मागायला हवं होतं. पदर पसरून नको, साध्या शब्दांत: 'बेबे, एक राणी दे.' आणि त्याआधी, मामांसमोर म्हटलं ते परत घ्यायला हवं होतं. तेवढ्यासाठी वाटणी झाल्या झाल्याच मी एक वेडेपणा केला होता. माझ्याकडे मूठभर माशा, त्यातली अर्धी मूठ काढली, दोन चौकटींच्या छोट्या पेटीत घातली, अंडी दिली, रोज वाटीभर साखरेचा पाक पाजला आणि बाईसाठी एक राणी तयार केली. आपलं मोहोळ दुबळं करून केली. तीन राणीघरं धरली. दोन मी स्वतः चिरडली, एक ठेवलं. ती निघाली तेव्हा मी पाहिली. लांब, तांबूस, अंगावर अजून ओल. दुपारच्या उन्हात उडायला गेली तेव्हा मी दाराशी बसून होते, परत आली तेव्हा पायरीवरून उठले. अंडी घालू लागली. सगळी तयारी झाली. फक्त मागणारी येत नव्हती.

कुंपणाच्या फटीतून मी रोज बघायची. दाराशी माशा कमी होत चालल्या. राणीशिवाय फार दिवस गेले की कामकरी माशाच अंडी घालू लागतात आणि त्यातून नुसते नर निघतात. त्यानंतर राणी देऊनही उपयोग होत नाही, माशा तिला घेत नाहीत. ती वेळ दोन-तीन दिवसांवर आली तेव्हा मी एकदा कुंपणापर्यंत गेले. हाक मारायला तोंड उघडलं. पलीकडे बाई ओट्यावर बसून कोणाला तरी सांगत होती, "म्या पोसली व तिले." मी तोंड मिटलं आणि परत आले.

संक्रांतीपर्यंत पेटीत मेणकिड्यांची जाळी पसरली. रथसप्तमीला बाईनं हळदीकुंकू केलं. न जाऊन सांगते कोणाला, गेले. तिनं सगळ्या बायकांना वाण म्हणून मधाची एकेक लहान डबी दिली. आधीच काढून ठेवलेला मध. बायका निघून गेल्यावर तिनं शेवटची डबी माझ्या ओटीत ठेवली.

"घे. माह्या पेटीतलं सरलं. हे अखेरचं."

एवढे दिवस धरून ठेवलेलं मला आवरलं नाही. "राणी नव्हतीच तुह्यात," मी म्हटलं. "तू बोट दाखवलं तो नर होता. राणी माह्याकडं होती. अंडंबी म्या तुह्या वाट्यात ठेवलं नव्हतं. मुद्दाम."

बाई ताटातले उरलेले तीळ वेचत होती. "मालूम हाये," ती म्हणाली.

"काय मालूम हाये?"

"तू वाटे पाडले आन् माह्याकडं पाह्यलं नाई. लहानपनी गूळ चोरला का अशीच खाली पाहे तू. तवाच समजलं का ह्या पोट्टीनं काईतरी केलं. कोन्त्या पेटीत केलं तेबी तुह्या तोंडावरून समजलं."

"मंग तोच वाटा काहून उचलला?"

"तुले राणी पाह्यजे होती ना?" ती ताट घेऊन उठली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. "म्या पोसली तुले. भांडन झालं म्हून पोसनं बंद करू काय?"

मी घरी कशी आले ते आठवत नाही. डबी हातात होती. कुंपणाशी उभी राहून मी ती फेकणार होते, आणि मध सांडायचा नाही ही सवयही तिचीच, म्हणून फेकली नाही. आयुष्यात एक गोष्ट मी माझी म्हणून केली होती. माझ्या डोक्यानं, माझ्या हातानं, दोन दिवस खपून. तो सूडसुद्धा तिनंच पोसलेला निघाला. त्या संध्याकाळी मी छोटी पेटी उघडली आणि बाईसाठी ठेवलेली राणी चौकटीसकट मोठ्या पेटीत टाकून दिली. एका पेटीत दोन राण्या राहत नाहीत हे मला माहीत होतं. सकाळी दारासमोर एक मरून पडली होती, मुंग्या लागलेल्या. जुनी की नवी, मी वाकून पाहिलं नाही.

पुढे बरेच दिवस मी स्वतःला समजावलं की बाई खोटं बोलली. हरली, आणि हरता हरता तिथल्या तिथं रचलं. तोंड बघून कोणाला कळतं? चौथीत शाळा सुटलेली, माशी न ओळखणारी म्हातारी. तिला डंख कुठे मारायचा ते बरोबर कळतं, एवढंच. चार वर्षं मी हे धरून बसले. बोलणं-चालणं सुरू झालं, आजारपणात डबे पोचले, कुंपणाच्या तुराट्या दोनदा बदलल्या. पण तूर फुलली की डोकं फिरायचं ते फिरायचंच. कारण ती खरं बोलली असेल तर मी त्या डावात कधी नव्हतेच.

यंदा मला उपाय सुचला. दिवाळी झाली, वावरात पहिली फुलं दिसली आणि मी पेटी फोडली. या वेळी पोरक्या अर्ध्याला सगळ्यात चांगली अंड्यांची चौकट दिली. रोज पाक दिला. राणीघरं मोजली, चांगलं एक ठेवलं. तेराव्या दिवशी राणी निघाली, उडाली, परतली, तुरीनं रान पिवळं झालं तेव्हा अंडी घालत होती. म्हणजे आता दोन पेट्या, दोन्ही सारख्या, दोन्हीत राणी. बाईला पुन्हा म्हणायचं, वाटा उचल. ती कोणतीही उचलो, राणी मिळणार, आणि ती मी केलेली असणार. त्यागाला जागाच ठेवायची नाही. तिला माझ्या हातचं घ्यावंच लागेल. मग शेजारच्या बायकांसमोर, मोठ्यानं, एकदाच म्हणायचं: 'म्या पोसली.' हे वाक्य मी न्हाणीत, शाळेच्या वाटेवर, वर्गात फळा पुसताना इतक्यांदा घोळवलं की पोरं विचारू लागली, मॅडम काही म्हणालात का?

परवाच्या रविवारी कुंपणाच्या चार तुराट्या काढून मी दोन्ही पेट्या तिच्या अंगणात नेऊन ठेवल्या. शेजारच्या दोघी गेल्या सालची तूर निवडायला बसल्याच होत्या, मला हव्या होत्या तशा. बाई ओट्यावरून उतरली. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, एकाचं ऑपरेशन होळीनंतर करायचं ठरलंय. हातानं चाचपत ती पेट्यांपाशी आली.

"काय आनलं व?"

"वाटे पाडले. तू उचल," मी म्हटलं.

मी झाकणं काढली. उन्हात दोन्हीकडून सारखी गुणगुण आली. मी पक्कं ठरवलं होतं की खाली बघायचं नाही. सरळ तिच्या डोळ्यांत बघत उभी राहिले, ओठ घट्ट, हात मागे. धूर द्यायला कोणी नव्हतं तरी एक माशी उठली नाही. तूर निवडणाऱ्यांचे हात थांबले होते.

बाईनं पेट्यांकडे पाहिलंच नाही. ती माझ्या अगदी जवळ आली, इतकी की तिच्या पदराचा चुलीचा वास आला, आणि त्या धुरकट डोळ्यांनी माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"दोन्हीत हाये," ती म्हणाली.

घोळवून ठेवलेलं वाक्य जिभेवर होतं. मी खाली पाहिलं.